टॉम ब्राऊन

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम या शहरी १८७० साली टॉम ब्राऊन याचा जन्म झाला. घरच्या गरिबीमुळे वयाच्या ११ व्या वर्षीच त्याची शाळा सुटली. प्रथम त्याने निरोप्याचे काम केले; पुढे तो एका शिळाछापखान्यात उमेदवारी करू लागला. तेथे दगडावर काढलेल्या चित्रांचे ठसे कागदावर उमटवीत. दिवसभर काम करावे आणि उरलेल्या वेळात विनोदी चित्रे काढून नियतकालिकांकडे पाठवावी, असा त्याचा क्रम होता.

त्या सुमारास लंडनमध्ये अर्ध्या पेनीला मिळणारी चित्रसाप्ताहिके निघू लागली होती. त्यांपैकी 'इलस्ट्रेटेड चिप्स'साठी १८९६ साली टॉमने दोन भटक्यांची जोडी निर्माण केली. वेअरी विली उंच व किडकिडीत, तर टायर्ड टिम बुटका व गलेलठ्ठ! कामाला पाठ दाखवावी, आयते खावयास मिळेल तेथे जावे आणि पोलीस दिसताच धूम ठोकावी, हाच त्यांचा उद्योग. त्यांच्या फजितीला सारे खळखळून हसत.

हे साप्ताहिक हलक्या, गुलाबी कागदावर छापले जाई. अशा कागदावर बारीक रेषांची दाटी झाली, की चित्र गढूळ दिसे. छापखान्यात शिकलेल्या टॉमने ही दाटी टाळली. मोजक्या, ठसठशीत रेषा आणि काळ्या शाईचे भरीव भाग यांनी तो आकृती उभी करी. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही गंमत समजे. पुढील अनेक चित्रकारांनी हीच रीत उचलली.

१९१० साली, अवघ्या ३९ व्या वर्षी टॉमचे निधन झाले. विली व टिम मात्र इतर चित्रकारांच्या हातून १९५३ पर्यंत लोकांना हसवीत राहिले. मुले त्या दोघांना ओळखीत. पण त्यांच्या जनकाचे नाव हळूहळू विस्मृतीत गेले. वाचून झालेले अंक रद्दीत जात, तेथे चित्रकाराची आठवण कोण ठेवणार?

परंतु डेनिस गिफर्ड या व्यंगचित्रकाराला लहानपणापासून असे अंक जमविण्याचा छंद होता. त्याने जुनी पाने जपली, त्यांचे चित्रकार ओळखले आणि १९७६ साली व्हिक्टोरियाकालीन चित्रसाप्ताहिकांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा संग्राहकांच्या चिकाटीमुळेच टॉम ब्राऊनला चित्रकथेच्या इतिहासात त्याचे मानाचे स्थान परत मिळाले.