आंद्रेआस व्हेसॅलियस : शरीराचा ग्रंथ डोळ्यांनी वाचणारा आचार्य

आपल्या कानाच्या आत तीन चिमुकली हाडे असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावे विज्ञानाच्या तासाला बहुतेक सर्व विद्यार्थी तोंडपाठ करतात आणि परीक्षेच्या वेळी बिनचूक लिहून दोन गुणही मिळवितात. परंतु लोहाराच्या भात्याजवळची ही अवजारे माणसाच्या कानात कोणी नेऊन ठेवली, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाचा प्रांत भाषा आणि इतिहास हा होय. हाडामांसाच्या शास्त्रात त्याची गती बेताचीच. तथापि शब्दांचा मागोवा घेण्याची सवय असल्यामुळे या दोन-तीन शब्दांचा शोध घेता घेता एका असामान्य पुरुषाच्या चरित्रापर्यंत येऊन पोहोचण्याचा योग आला. त्या पुरुषाचे नाव आंद्रेआस व्हेसॅलियस.

व्हेसॅलियसचा जन्म 31 डिसेंबर 1514 रोजी ब्रुसेल्स येथे झाला. हे शहर आज बेल्जियमची राजधानी आहे. त्याच्या घराण्यात वैद्यकविद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. पणजोबा लूव्हेनच्या विद्यापीठात अध्यापक, आजोबा वैद्य आणि वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे तयार करणारे. अशा घरात वाढलेल्या मुलाला प्राण्यांच्या शरीराविषयी कुतूहल वाटावे यात नवल नाही. लहानपणीच तो मेलेले उंदीर, मांजरे, कुत्री यांची शरीरे उघडून पाहू लागला. लूव्हेन येथे लॅटिन आणि ग्रीक भाषांचा उत्तम अभ्यास करून 1533 मध्ये तो वैद्यकाच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला.

त्या काळी हे शिक्षण कसे चालत असे, हे समजल्याखेरीज व्हेसॅलियसच्या कामगिरीचे मोल ध्यानात यावयाचे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा एक थोर ग्रीक वैद्य रोममध्ये होऊन गेला. त्याने शरीररचनेवर विपुल ग्रंथ लिहिले. परंतु त्या काळी रोममध्ये माणसाच्या प्रेताचे विच्छेदन करता येत नसे. साहजिकच गॅलेनने माकडे, डुकरे, गुरे यांची शरीरे उघडून पाहिली आणि माणसाचे शरीरही तसेच असणार असे धरून चालला. पुढे जवळजवळ तेराशे वर्षे युरोपात गॅलेनचा शब्द हा अखेरचा शब्द मानला गेला. विच्छेदनाच्या वेळी आचार्य उंच आसनावर बसून गॅलेनचा ग्रंथ वाचीत. खाली एक न्हावी प्रेतावर सुरी चालवी. तिसरा एक जण काठीने अवयव दाखवी. वाचणारा प्रेताला स्पर्श करीत नसे आणि सुरी चालविणाऱ्याला ग्रंथाची भाषा उमजत नसे. ग्रंथात एक आणि समोर दुसरेच असे दिसले, तर दोष प्रेताचा मानला जाई, ग्रंथाचा नव्हे.

पॅरिसमध्ये याकोबुस सिल्व्हियस हा व्हेसॅलियसचा एक गुरू होता. तो विद्वान, परंतु गॅलेनचा कडवा अनुयायी होता. वर्गात जे मिळत नव्हते ते व्हेसॅलियसने दफनभूमीत शोधले. पॅरिसच्या एका जुन्या दफनभूमीत हाडांचे ढीग पडलेले असत. तेथे बसून तो तासन्‌तास एकेक हाड हाताळीत असे. पुढे पुढे त्याचा हात इतका तयार झाला, की डोळ्यांवर पट्टी बांधून केवळ स्पर्शाने तो हाड ओळखी आणि सोबत्यांशी लावलेली पैज जिंकी. केवळ पाठांतराने हे साधले नसते.

1536 मध्ये फ्रान्स आणि सम्राट यांच्यात युद्ध पेटल्यामुळे त्याला पॅरिस सोडून लूव्हेनला परतावे लागले. तेथेच त्याच्या आयुष्यातील तो विलक्षण प्रसंग घडला. गावाबाहेरच्या वधस्तंभावर एका गुन्हेगाराचे प्रेत लटकत राहिले होते. पक्ष्यांनी मांस खाऊन टाकले होते आणि अस्थिबंधांनी एकत्र राहिलेला सांगाडा तेवढा उरला होता. व्हेसॅलियस आणि त्याचा मित्र गेम्मा फ्रिसियस यांनी वर चढून हातापायांची हाडे खाली काढली. छाती मात्र साखळीने जखडलेली होती. ती मिळविण्यासाठी व्हेसॅलियस रात्री गावाच्या वेशीबाहेर मुद्दाम अडकून राहिला, काळोखात एकटाच वधस्तंभावर चढला आणि मग थोडी थोडी हाडे लपवून दुसऱ्या वेशीने घरी आणली. ती जुळवून त्याने सांगाडा उभा केला, आणि कोणी विचारल्यास तो पॅरिसहून आणल्याचे सांगितले. या कृत्यात धैर्य होते, तसेच खोटेपणाही होता; आणि ज्याचा तो देह होता त्याची संमती कोणी घेतली नव्हती. ज्ञानाच्या इतिहासातील ही काळी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. आज वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक सज्जन मरणोत्तर देहदान करून जातात, म्हणून विद्यार्थ्यांवर तशी पाळी येत नाही. त्या दात्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

पुढे व्हेसॅलियस इटलीतील पादुआ येथे गेला. डिसेंबर 1537 मध्ये त्याला तेथील विद्यापीठाची पदवी मिळाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याची शल्यविद्या व शरीररचना या विषयांचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी त्याला तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. अध्यापक होताच त्याने पहिला बदल केला तो असा, की तो उंच आसनावरून खाली उतरला. न्हाव्याच्या हातातील सुरी त्याने स्वतःच्या हाती घेतली आणि विद्यार्थ्यांना टेबलाभोवती जवळ बोलाविले. समजण्यास सोपे जावे म्हणून तो मोठमोठी चित्रे काढून दाखवी. त्यांपैकी काही 1538 मध्ये छापली गेली आणि विद्यार्थ्यांच्या त्यांवर उड्या पडल्या.

परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पहिल्या चित्रांत खुद्द व्हेसॅलियसच्याही चुका होत्या. गॅलेनने सांगितले म्हणून त्याने यकृताचे पाच खंड दाखविले. गॅलेनने सांगितले म्हणून मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक अद्भुत जाळेही काढले. हे जाळे गुरामेंढरांत असते, माणसात नसते. माणसाच्या डोक्यात ते सापडत नाही हे दिसत असतानाही, व्याख्यानाच्या वेळी तो कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवी आणि त्यात ते जाळे दाखवून वेळ निभावून नेई. पुढे आपल्या महान ग्रंथात त्याने ही गोष्ट स्वतःच कबूल केली आणि आपल्या आंधळ्या विश्वासाबद्दल स्वतःलाच दोष दिला. शेकडो विद्यार्थ्यांचा गुरू झालेल्या माणसाने अशी कबुली छापून देणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. आम्हा शिक्षकांना तर ती विशेषच कठीण वाटते.

1539 मध्ये पादुआचा न्यायाधीश मार्कांतोनियो कोंतारिनी याने मृत्युदंड झालेल्या गुन्हेगारांची प्रेते अभ्यासासाठी देण्यास सुरुवात केली. आता व्हेसॅलियसला पुन्हा पुन्हा पडताळा घेता येऊ लागला. 1540 मध्ये बोलोन्या येथे त्याने माणसाचा आणि माकडाचा असे दोन सांगाडे जोडून दाखविले, आणि गॅलेनचे वर्णन माकडाच्या हाडांशी जुळते, माणसाच्या नाही, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. गॅलेन खोटारडा नव्हता. त्याने पाहिले ते खरेच सांगितले होते. पण त्याने माणूस पाहिला नव्हता.

यानंतर तीन वर्षे खपून व्हेसॅलियसने मानवी शरीराच्या रचनेविषयीचा आपला सात भागांचा ग्रंथ लिहिला. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पोटातील अवयव, हृदय आणि मेंदू असा त्याचा क्रम होता. त्यातील दोनशेहून अधिक चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली होती. ते ठोकळे आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमधील बासेल येथे नेण्यात आले आणि योहानेस ओपोरिनुस या मुद्रकाने 1543 मध्ये सहाशेहून अधिक पृष्ठांचा तो भव्य ग्रंथ छापला. लेखकाचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. योगायोग असा, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात गॅलेनच्या दोनशेहून अधिक चुका दुरुस्त केलेल्या आहेत. माणसाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे नसून एकच असते. छातीच्या मधल्या हाडाचे, म्हणजे उरोस्थीचे, सात नव्हे तर तीन भाग असतात, हे त्याने दाखविले. बायबलातील आदमाच्या कथेमुळे पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते अशी समजूत लोकांत रूढ होती. व्हेसॅलियसने बरगड्या मोजल्या आणि दोघांनाही बारा जोड्या असतात हे सांगितले.

नावांच्या बाबतीतही त्याने फार परिश्रम घेतले. एकाच हाडाला निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी नावे असत. म्हणून ग्रीक, लॅटिन, अरबी व हिब्रू नावे त्याने एकत्र आणली. जेथे नाव नव्हते तेथे नित्याच्या पाहण्यातील वस्तूची उपमा दिली. कानातील एका हाडाला हातोडीची आणि दुसऱ्याला ऐरणीची उपमा त्यानेच दिली. हृदयाच्या डाव्या बाजूची दोन पाळ्यांची झडप त्याला बिशपच्या उंच टोपीसारखी दिसली. त्या टोपीच्या नावावरून डॉक्टर आजही त्या झडपेला मायट्रल झडप म्हणतात. आणि रिकीब? घोड्याच्या रिकिबीसारखे ते तिसरे, सर्वांत चिमुकले हाड मात्र व्हेसॅलियसच्या तीक्ष्ण नजरेतूनही निसटले. ते थोड्याच वर्षांत इटलीतील इंग्रासिया या दुसऱ्या वैद्याने शोधून काढले.

ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वादळ उठले. गुरू सिल्व्हियस तर इतका संतापला, की त्याने शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला वेडा ठरविले. गॅलेनचे म्हणणे आणि प्रत्यक्ष शरीर यांत फरक दिसतो, तो गॅलेनच्या काळानंतर माणसाचे शरीरच बदलले म्हणून, असाही युक्तिवाद त्याने केला. व्हेसॅलियसच्या मनाला हा विरोध फार लागला. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी वैद्याची जागा स्वीकारून पादुआ सोडताना त्याने रागाच्या भरात आपली अनेक टिपणे आणि हस्तलिखिते जाळून टाकली. पुढे या कृत्याचा त्याला पश्चात्ताप झाला. तरीही 1555 मध्ये त्याने ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती काढली. हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे झिरपते, असे गॅलेन सांगत असे. तशी वाट आपल्याला दिसत नाही, अशी शंका व्हेसॅलियसने या आवृत्तीत उघडपणे मांडली. त्याच पादुआच्या विद्यापीठात पुढे शिकून गेलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला आणि त्या शंकेचे उत्तर मिळाले.

चार्ल्सनंतर त्याचा पुत्र दुसरा फिलिप याच्या सेवेत व्हेसॅलियस स्पेनला गेला. 1559 मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्यांच्या खेळात जबर जखमी झाला तेव्हा त्याला मुद्दाम बोलाविण्यात आले होते. परंतु राजा वाचला नाही. 1564 मध्ये व्हेसॅलियस जेरुसलेमच्या यात्रेला गेला. परतीच्या प्रवासात ग्रीसजवळील झाकिन्थोस बेटावर ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याला मृत्यू आला. जिवंत माणसाचे विच्छेदन केल्याबद्दल शिक्षा म्हणून त्याला यात्रेस पाठविले, अशी एक कथा सांगतात. परंतु तिला विश्वसनीय आधार नाही. त्याच्या ग्रंथाचे मूळ लाकडी ठोकळे चारशे वर्षे टिकले आणि दुसऱ्या महायुद्धात म्यूनिकवरील बॉम्बवर्षावात नष्ट झाले. बासेल येथे 1543 मध्ये त्याने स्वतः जोडलेला एक सांगाडा मात्र तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही उभा आहे.

आपल्या देशालाही हा मार्ग अपरिचित नव्हता. सुश्रुताने फार प्राचीन काळी प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, मऊ झालेली त्वचा हळूहळू घासून काढून, आतील अवयव डोळ्यांनी पाहण्याची रीत सांगितली आहे. शास्त्र वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे या दोहोंनी मिळून ज्ञान वाढते, असा त्याचा अभिप्राय होता. आणि व्हेसॅलियसच्या मृत्यूपूर्वी एकच वर्ष, 1563 मध्ये, आपल्या गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ छापला गेला. त्यानेही जुन्या ग्रीक ग्रंथांपेक्षा येथे स्वतः पाहिलेल्या वनस्पतींवर अधिक भरवसा ठेवला होता.

विद्यार्थिमित्रांनो, पाठांतर वाईट नव्हे. व्हेसॅलियसलाही गॅलेन तोंडपाठ होता, म्हणूनच त्याला त्याच्या चुका हेरता आल्या. परंतु पाठ केलेली गोष्ट एकदा तरी पडताळून पाहावी. पुढच्या वेळी हाडांची नावे घोकताना हनुवटीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी बोटे फिरवून पाहा. मध्ये कोठे सांधा लागतो का ते शोधा. तेराशे वर्षे विद्वानांनी एवढीही खातरजमा केली नव्हती. आणि पडताळून पाहताना आपल्या गुरुजींची चूक सापडली, तर ती नम्रपणे त्यांना अवश्य सांगा. या लेखातील चूक दाखविणाऱ्याचेही स्वागतच होईल.