पडदे रंगवणाऱ्यानेच पडदा काढून टाकला : बाबूराव पेंटर

शूटिंगच्या आधी सीन कागदावर चितारून ठेवतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. आज त्यासाठी अ‍ॅप्स आहेत. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव पेंटर पात्रं, कपडे, हालचाली आधी स्वतः काढून बघायचे, मग कॅमेरा लावायचे.

आडनाव मेस्त्री, जन्म १८९०चा. आतेमामे भाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. मी पनवेलचा, आमच्या फडके नाट्यगृहात मागची भिंत नुसती रंगवलेली आहे हे कळत असूनही मी ती खरी मानून नाटक बघतो. कॅमेरा असं मानून घेत नाही. पडद्यावर रंगवलेली सावली जागची हलत नाही, आणि समोरच्या नटाची खरी सावली भलत्याच बाजूला पडते. शिवाय तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग जवळपास काळा उमटायचा. म्हणजे इतक्या मेहनतीचे रंग फुकटच की!

आधी मात्र कॅमेरा हवा होता. दोघा भावांनी तो घरीच बनवायला घेतला. यातली अवघड गोष्ट भिंग नाही. फिल्म एकेक घर पुढे सरकली पाहिजे, क्षणभर स्थिर थांबली पाहिजे, आणि हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायला हवं. जरा चुकलं की चित्र थरथरतं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला.

१९२०च्या ‘सैरंध्री’त कीचकवध इतका अंगावर येणारा झाला की तो सीन कापावा लागला. मूकपट होता, आवाज नाही, तरी! १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये रात्र दाखवायला त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. सपाट पडद्यांऐवजी खोली असलेले सेट तर त्यांनी आधीच आणले होते.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९२५चा ‘सावकारी पाश’. देव नाहीत, राजे नाहीत. जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा शेतकरी आहे, आणि ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. त्यातल्या अंधाऱ्या झोपडीच्या सीनबद्दल लोक पुढे कितीतरी वर्षं लिहीत राहिले.

बाबूराव १९५४ मध्ये गेले. तो मूकपट आज बघायला मिळत नाही. ती झोपडी आपल्याला फक्त इतरांनी लिहिलेल्या वर्णनातूनच माहीत आहे.