रेषेच्या दोन्ही बाजूंचा किम गू

कोरियाचे दोन तुकडे कसे पडले, हे मला युद्धाच्या तारखांपेक्षा किम गू यांच्या चरित्रातून जास्त नीट समजले. म्हणून यंदा त्यांच्याविषयी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८७६ साली हैजूजवळ एका गरीब कुटुंबात झाला. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. १९१९ मध्ये किम गू शांघायला गेले आणि तेथील हंगामी सरकारात सामील झाले. १९४० मध्ये चुंगकिंगला या सरकारने कोरियन मुक्तिसेना उभी केली. मित्रांनो, तिची एक छोटी तुकडी १९४३ मध्ये भारतात आली होती! पुढे इंफाळ आघाडीवर ती ध्वनिक्षेपकावरून जपानी सैनिकांना शरण येण्याचे आवाहन करत असे.

१९४५ मध्ये या सेनेचे निवडक जवान अमेरिकनांकडून छुप्या युद्धाचे शिक्षण घेऊन मायदेशी उतरण्याच्या बेतात होते. त्याआधीच जपान शरण गेला. किम गू मात्र खिन्न झाले. आपण लढून देश सोडवला नाही, तर उद्या आपल्याला विचारणार कोण, ही त्यांची चिंता होती.

चिंता खरीच होती. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा समोर घेऊन सुमारे अर्ध्या तासात ३८ वे अक्षवृत्त निवडले. उत्तरेत रशियन आणि दक्षिणेत अमेरिकन जपान्यांची शस्त्रे ताब्यात घेणार होते. सोल आपल्याकडे राहावे, हा अमेरिकेचा हिशेब. ना डोंगर, ना नदी. नकाशावाचन शिकलेल्या कुणालाही ही रेषा खटकेल.

रेषा तात्पुरती होती, पण दोन्हीकडे आपापल्या मर्जीची माणसे बसली. १९४८ मध्ये फक्त दक्षिणेत निवडणूक ठरली. सिंगमन री तयार झाले, किम गू यांनी विरोध केला. एप्रिलमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते रेषा ओलांडून प्योंगयांगला किम इल सुंग यांच्याशी बोलायला गेले. तिथे सगळे आधीच ठरले होते. काही जण त्यांना भाबडे म्हणतात. मला तसे वाटत नाही. न जाता फाळणी मान्य करणे त्यांना जमले नसते. १५ ऑगस्टला दक्षिणेत आणि ९ सप्टेंबरला उत्तरेत वेगळे राज्य जाहीर झाले. त्यांचे जन्मगाव उत्तरेत राहिले.

२६ जून १९४९ रोजी सोलमधील राहत्या घरी दक्षिण कोरियाच्याच सैन्यातील एका लेफ्टनंटने त्यांना गोळ्या घातल्या. त्याला जन्मठेप झाली. वर्षभराने युद्ध पेटले, तेव्हा तो सुटला आणि पुन्हा सैन्यात रुजू झाला.