ह. फातिमा बिन्ते कैस (रजि.) आणि इद्दतीचा खर्च

तलाकनंतर स्त्रीच्या निर्वाहाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच तापते. परंतु फिक्हच्या ग्रंथांत हा प्रश्न ज्या एका स्त्रीच्या नावाने शतकानुशतके चर्चिला गेला, तिचा परिचय फार थोड्यांना असतो. ह. फातिमा बिन्ते कैस (रजि.) या कुरैशच्या फिहर शाखेतील. आरंभीच्या काळात हिजरत करणाऱ्या स्त्रियांत त्यांची गणना होते. चरित्रकारांनी त्यांच्या बुद्धिमत्तेची विशेष प्रशंसा केली आहे.

त्यांचा विवाह मख्जूम घराण्यातील अबू अम्र बिन हफ्स यांच्याशी झाला होता. दोन तलाक अगोदरच होऊन गेले होते. ह. अली (रजि.) यांच्यासमवेत यमनला गेलेल्या पतीने उरलेला तिसरा तलाक तेथून कळविला आणि आपल्या माणसांकरवी खर्चासाठी थोडे जव पाठविले. एका रिवायतीत 5 साअ जव व 5 साअ खजूर असा उल्लेख आहे. फातिमा यांना हे फारच तुटपुंजे वाटले. सासरच्या मंडळींनी मात्र साफ सांगितले की, त्या गर्भवती नाहीत, तेव्हा एवढे देणेही आमच्यावर बंधनकारक नाही. एका मातब्बर घराण्यासमोर ही स्त्री एकटी होती, तरी ती गप्प बसली नाही. तिने थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दाद मागितली.

निर्णय तिच्या विरुद्ध गेला. तिसऱ्या तलाकनंतर तिला नफका नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. पण तिला वाऱ्यावर सोडले नाही. इद्दतीसाठी प्रथम उम्मे शरीक यांचे घर सुचविले, तेथे पाहुण्यांची सतत ये-जा, म्हणून मग तिचे आप्त, दृष्टिहीन सहाबी इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचे घर ठरविले. इद्दत संपल्यावर मुआविया व अबू जह्म यांची मागणी आली. पहिल्याचे दारिद्र्य आणि दुसऱ्याची काठी, दोन्ही गोष्टी प्रेषितांनी (स.) आडपडदा न ठेवता सांगितल्या व उसामा बिन जैद (रजि.) यांचे नाव सुचविले. मुक्त केलेल्या गुलामाच्या या मुलाविषयी फातिमा प्रथम नाखूश होत्या. पुढे त्यांचा संसार इतरांना हेवा वाटावा असा झाला.

खरा वाद यानंतरचा. खलीफा ह. उमर (रजि.) यांनी फातिमा यांची रिवायत स्वीकारली नाही, एका स्त्रीच्या स्मरणावर विसंबून कुरआनचा आदेश बाजूला ठेवण्यास ते तयार नव्हते. तिसऱ्या तलाकनंतरही इद्दतीत निवास व खर्च दोन्ही द्यावेत, असा त्यांचा निर्णय होता. ह. आयेशा (रजि.) यांचे म्हणणे असे की, फातिमा यांचे घर निर्जन जागी असल्याने त्यांना घर सोडण्याची मुभा मिळाली, तो सर्वांसाठी नियम नव्हे. हनफी मत ह. उमर यांच्या बाजूचे आहे. इमाम मालिक व इमाम शाफई निवास देववितात, खर्च मात्र गर्भ असेल तरच. इमाम अहमद यांनी फातिमा यांची रिवायत जशीच्या तशी घेतली. म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात कोकणातील शाफई घर आणि देशावरील हनफी घर यांचे उत्तर येथे वेगळे पडते! रजई तलाक असेल किंवा स्त्री गर्भवती असेल तर मात्र खर्चाविषयी मतभेदच नाही. आणि थकलेला महर हे तर पतीवरील कर्जच. मतभेदाच्या आडोशाने या निर्विवाद देण्यांनाही टाळाटाळ करणारे पाहिले की खेद होतो.

फातिमा मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. विलक्षण गोष्ट ही की, जो निर्णय त्यांच्या हिताविरुद्ध गेला होता, त्याच्याच समर्थनार्थ त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या. मदीनेचा सुभेदार मरवान याने माणूस पाठवून चौकशी केली व त्यांचे म्हणणे मानण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी कुरआनच्याच आधारे उत्तर दिले. घराबाहेर न काढण्याच्या आदेशामागे समेटाची आशा आहे. तिसऱ्या तलाकनंतर समेट कसला उरतो? आणि गर्भ नाही म्हणून खर्च द्यायचा नसेल, तर तिला घरात अडकवून ठेवता तरी कोणत्या आधारावर?