डॉ. रेने लाएनेक

रुग्णालयांत परिचारिका रोग्याच्या दंडास पट्टा बांधून, कोपराच्या खोलगट भागीं स्टेथास्कोप ठेवून रक्तदाब मोजतांना आम्ही नेहमीं पाहतों. ही युक्ति १९०५ सालची, रशियन सर्जन कोरोत्कोव यांची; स्टेथास्कोप मात्र त्याहून बराच जुना. त्याचे जनक डॉ. लाएनेक हे भाविक कॅथोलिक. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत केंपेर येथें १७८१ सालीं ते जन्मले. आई लहानपणींच निवर्तली. नांत येथील डॉक्टर चुलत्यांनीं त्यांस वाढविलें. १८१४ सालीं ब्रिटनीचे आजारी सैनिक पॅरिसला आले, तेव्हां त्यांच्याच बोलींत बोलून ते त्यांची शुश्रूषा करीत.

१८१६ सालीं पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीस कान लावणें त्यांस अप्रशस्त वाटलें. त्यांनीं कागदांचा दस्ता घट्ट गुंडाळून एक टोंक तिच्या छातीस व दुसरें आपल्या कानास लाविलें, तों हृदयाचे ठोके अधिकच स्पष्ट ऐकूं आले! पुढें कागद जाऊन लांकडी नळी आली. परंतु ऐकणें सोपें, अर्थ लावणें कठीण. आमच्या मतें त्यांची थोरवी येथेंच आहे. जिवंतपणीं छातींत जें ऐकलें तें ते टिपून ठेवीत, आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून फुप्फुसांतील बिघाडाशीं ताडून पाहत. १८१९ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला.

१८२६ सालीं खोकला बळावला, तेव्हां घराण्यांतील तरुण डॉक्टर मेरियादेक यांस त्यांनीं आपलीच छाती तपासावयास लाविली. मेरियादेकनें सांगितलेले आवाज त्यांच्या पूर्ण परिचयाचे होते. तो क्षय होता. ते ब्रिटनीस परतले व १३ ऑगस्ट रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, वारले. आपली नळी त्यांनीं मृत्युपत्रान्वयें मेरियादेकलाच दिली.