परीक्षेच्या पुस्तकातील बाख



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पियानो किंवा की-बोर्ड शिकणारे एखादे मूल असेल. मुंबई-पुण्याप्रमाणेच गोव्यात, बंगळूरला, चेन्नईला, कोलकात्याला किंवा शिलाँगला राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतून अशी मुले लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अथवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांस बसतात. नेमलेल्या रचना महिनोन्‌महिने घोकल्या जातात, परीक्षक येतात, गुण मिळतात, आणि पुस्तक कपाटात जाते. त्या पुस्तकाच्या पानावर, रचनेच्या वर उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक नाव छापलेले असते. त्या नावाकडे फारसे कोणी पाहत नाही.

माझ्या भाचीच्या शिक्षिकेने मात्र तिला पाहावयास लावले. वाजविण्याच्या दोन रचनांची पार्श्वभूमी शोधून आण, असे तिने सांगितले. भाची माझ्याकडे आली. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला अशा प्रश्नाचा कंटाळा येत नाही. कोणी लिहिले, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, हे विचारल्यावाचून आम्ही एका वचनालाही हात लावीत नाही. तिच्या दोन्ही रचनांवर एकच नाव होते: योहान सेबास्टियान बाख. मीही तरुणपणी मंडळीत ऑर्गन वाजविण्यासाठी यातली काही पाने पाठ केली होती, पण हा मनुष्य कोण, हे मला कोणी सांगितले नाही व मीही विचारले नाही. ती चूक उशिरा का होईना दुरुस्त करावी, म्हणून आज हे आपणांपुढे ठेवीत आहे.

बाखचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी जर्मनीतील आयझेनाख या गावी झाला. मार्टिन ल्यूथरने ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपून नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, तो किल्ला याच गावाच्या माथ्यावर आहे. वडील नगराचे वादक होते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संगीताचाच व्यवसाय. बाळ नऊ वर्षांचा असता आई वारली आणि दहावे वर्ष लागण्याच्या सुमारास वडीलही गेले. ओर्डरूफ येथे ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला आपल्या घरी नेले. त्या भावाजवळ नामांकित संगीतकारांच्या रचनांची एक वही होती आणि ती तो धाकट्याला देत नसे. मुलाने कपाटाच्या जाळीतून हात घालून रात्री ती वही काढावी व चांदण्यात उतरून घ्यावी, असे सहा महिने चालले. पुढे भावाला कळले आणि त्याने ती प्रत काढून घेतली, अशी हकिगत बाखच्या मृत्यूनंतर छापलेल्या चरित्रलेखात आहे. तिच्यात थोडी भर पडली असेलही. परंतु हा मनुष्य दुसऱ्यांच्या रचना हाताने उतरवून शिकला, यात शंका नाही. आमच्या कामात जुन्या नकलनविसांविषयी आम्हांला जी कृतज्ञता वाटते, तीच मला येथे वाटते.

पुढील वर्षे भराभर सांगतो. १७०३ मध्ये अठराव्या वर्षी तो आर्नस्टाटला ऑर्गनवादक झाला. १७०५ मध्ये बुक्स्टेहूडे या थोर ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी चार आठवड्यांची रजा घेऊन तो सुमारे चारशे किलोमीटर पायी ल्यूबेकला गेला आणि तेथे काही महिने राहिला; परत आल्यावर मंडळीच्या अधिकाऱ्यांचे बोल त्याला ऐकावे लागले. १७०७ मध्ये मारिया बार्बरा हिच्याशी विवाह झाला. १७०८ पासून व्हायमारच्या दरबारी नोकरी; ती सोडण्याचा हट्ट धरला म्हणून १७१७ मध्ये ड्यूकने त्याला जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले. बाख स्वभावाने मऊ नव्हता. त्याला संतपदी बसविण्याची घाई आपण करू नये.

कैदेतून सुटून तो क्योथेन येथील राजपुत्र लिओपोल्ड याच्या दरबारी गेला. हा दरबार कॅल्व्हिनच्या मताचा असल्यामुळे तेथील उपासनेत मोठ्या संगीतरचनांना वाव नव्हता. ल्यूथरन परंपरेत वाढलेल्या बाखला मंडळीसाठी लिहावयाचे काम तेथे फारसे उरले नाही आणि त्याने वाद्यांसाठी लिहिले. आपल्या मुलांच्या परीक्षेच्या पुस्तकांत येणारे बाखचे पुष्कळसे संगीत याच वर्षांतले आहे.

२२ जानेवारी १७२० या दिवशी त्याने एक कोरी वही घेतली आणि तिच्यावर आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याचे नाव लिहिले. मुलगा नऊ वर्षांचा होता. आपण अनाथ होऊ लागलो तेव्हा बापाचेही वय तेवढेच होते. वहीच्या आरंभी स्वरचिन्हांची ओळख, नंतर स्वरांवर घालावयाच्या अलंकारांचा एक तक्ता, मग कोणत्या बोटाने कोणती पट्टी दाबावी हे आकड्यांनी दाखविणारी एक लहानशी रचना. त्या रचनेच्या माथ्यावर लॅटिन शब्दांची तीन आद्याक्षरे आहेत. त्यांचा अर्थ येशूच्या नावाने असा होतो. मुलाचा हात बसविण्याचा धडा, आणि त्याच्यावर हे अक्षर! मंडळीसाठी लिहिलेल्या रचनांच्या आरंभी येशूच्या साहाय्याची याचना आणि शेवटी गौरव केवळ देवाचे अशा अर्थाची अक्षरे बाख लिहीत असे. त्या काळच्या ल्यूथरन लोकांत ही रीत होती, केवळ त्याचीच नव्हे. पण बोटांच्या धड्यावर ती लिहावीशी वाटणे हे मला त्याच्या श्रद्धेविषयी पुष्कळ सांगते.

त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात राजपुत्राबरोबर बाख कार्ल्सबाड येथे गेला. जुलैमध्ये घरी परतला तेव्हा मारिया बार्बराला मूठमाती देऊन झाली होती. निघताना ती धडधाकट होती. आजारपणाचे वृत्त त्याला कळले नव्हते; दारातून आत आल्यावरच समजले. घरात चार मुले: अकरा वर्षांची मुलगी आणि नऊ, सहा व पाच वर्षांचे मुलगे. पदरी आलेल्या या दुःखाविषयी त्याने लिहिलेला एक शब्दही आज आपल्याजवळ नाही.

वही मात्र पुढे चालू राहिली. तिच्यात बापाचे हस्ताक्षर आहे आणि मुलाचेही. पुढे ‘इन्व्हेन्शन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या दोन स्वरधारांच्या पंधरा रचना या वहीत प्रथम वेगळ्या नावाने आल्या. चोवीस मेजर व मायनर स्केलमधील प्रील्यूड आणि फ्यूग यांचा जो ग्रंथ बाखने १७२२ मध्ये सिद्ध केला, त्यातील कित्येक प्रील्यूडांची आरंभीची रूपेही येथेच आहेत. १७२३ मध्ये इन्व्हेन्शनची स्वच्छ प्रत करताना त्याने मुखपृष्ठावर आपला हेतू लिहिला: शिकणाऱ्याने दोन स्वरधारा निर्मळपणे वाजवाव्या, मग तीन, चांगली कल्पना सुचावी आणि ती फुलविता यावी, आणि सर्वांत मुख्य म्हणजे वाजविणे गाण्यासारखे व्हावे.

हा शेवटचा मुद्दा मी भाचीला दोनदा सांगितला. आपल्या भारतीय कानाला एक गाणारा व त्याला साथ देणारे अशी सवय असते. उजवा हात गातो आणि डावा हात पेटीसारखी साथ करतो, असे समजून मूल इन्व्हेन्शन वाजविते, आणि तेथेच चुकते. येथे उजव्या हाताने एक वाक्य म्हणावयाचे, लगेच डाव्याने तेच वाक्य म्हणावयाचे आणि तेवढ्यात उजव्याने पुढे बोलू लागावयाचे, असा प्रकार आहे. उपासनेत पाळक व मंडळी आळीपाळीने स्तोत्र वाचतात ना, तसेच; फरक एवढाच की येथे दोघे एकमेकांवर बोलत असूनही दोघांचे शब्द स्पष्ट ऐकू येतात. डावा हात चाकर नाही. तिने डावा हात एकटा घेऊन, आधी गळ्याने गाऊन, मग वाजवून पाहिला, आणि तिचे वाजविणे एका आठवड्यात पालटले.

वाद्याचाही विचार करावा लागतो. पियानोचा शोध १७०० च्या सुमारास इटलीत क्रिस्तोफोरी याने लावला. परंतु बाखने या रचना हार्पसिकॉर्ड व क्लॅव्हिकॉर्ड या वाद्यांसाठी लिहिल्या. हार्पसिकॉर्डची पट्टी जोराने दाबली काय किंवा हळू दाबली काय, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. पायाने दाबून स्वर लांबवण्याची सोय या वाद्यांत नव्हती. म्हणून आपल्या पुस्तकात येथे हळू वाजवा, येथे मोठ्याने वाजवा अशी जी चिन्हे दिसतात, ती बहुतेक सर्व नंतरच्या संपादकांची आहेत. पौलाने आपली पत्रे लिहिताना अध्याय आणि वचनांचे आकडे घातले नव्हते. ते आपल्या सोयीसाठी पुढे आले. दोन्ही ठिकाणी सोय मानावी, पण ती मूळ लेखकाच्या माथी मारू नये. स्वरावरील नागमोडी चिन्हाचे तसे नाही. ते कसे वाजवावे हे बाखने वहीतल्या तक्त्यात स्वतः लिहून दाखविले आहे: वरच्या स्वरापासून आरंभ करावा. लहान मुले तेथे हटकून खालून सुरू करतात.

आता भाचीची दुसरी रचना, जी मेजरमधील ‘मिन्युएट’. पियानो शिकणारे मूल ही वाजविल्यावाचून क्वचितच पुढे जाते. तीन मात्रांचे हे फ्रेंच दरबारी नृत्य आहे. पावले लहान व हलकी, म्हणून वाजविणेही हलके हवे, ओढून-ताणून भावपूर्ण करावयाचे नाही. बाखने डिसेंबर १७२१ मध्ये दुसरा विवाह केला. पत्नी आना माग्दालेना ही दरबारातील गायिका होती. १७२२ मध्ये आणि पुन्हा १७२५ मध्ये तिच्या नावाने वह्या सुरू झाल्या, आणि दुसऱ्या वहीत ही मिन्युएट आहे. तिच्यावर कर्त्याचे नाव नाही. बाखच्या घरची वही, तेव्हा रचना बाखचीच, असे लोकांनी दीर्घकाळ धरून चालविले. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी दाखवून दिले की ती ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्तियान पेट्झोल्ड याची आहे. आना माग्दालेनाने आवडलेली रचना उतरून घेतली होती, एवढेच.

भाची हिरमुसली. बाखची नसेल तर तिची किंमत कमी झाली काय, असे तिला वाटले असावे. मी म्हटले, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रावर लेखकाचे नाव नाही. त्याचे एकही वचन त्यामुळे हलके होत नाही. मात्र जे नाव लेखकाने घातले नाही, ते आपण घालू नये. तिने पेन्सिलीने छापील नावावर रेघ मारली आणि वर पेट्झोल्ड लिहिले. परीक्षेच्या पुस्तकावर असे लिहिणे चालते की नाही, हे मी तिला शिक्षिकेला विचारावयास सांगितले.

१७२३ मध्ये बाख लाइपझिगला संत थोमाच्या मंडळीचा व शाळेचा संगीतप्रमुख झाला. नगरसभेची ती पहिली पसंती नव्हती. आधी टेलेमान, मग ग्राउप्नर. तेथे त्याने मंडळीसाठी जे लिहिले, त्याला दुसरा लेख लागेल; मत्तयाच्या शुभवर्तमानावरील दुःखसहनाचे संगीत १७२७ च्या उत्तम शुक्रवारी प्रथम गाइले गेले असे आज मानतात. त्याच्या ग्रंथसंग्रहातील एक वस्तू मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. ल्यूथरचे भाषांतर व त्यावर कालोव्ह नावाच्या ईश्वरविज्ञान-पंडिताची टीका, असे तीन खंड त्याच्याजवळ होते. त्यांवर त्याची सही व १७३३ हे वर्ष आहे. १९३४ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात एका घरी ते प्रकाशात आले आणि आज सेंट लुईस येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीत आहेत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात दावीद राजा आसाफ, हेमान व यदूथून यांच्या वंशजांस वाद्ये घेऊन सेवा करण्यास नेमतो, त्या पंचविसाव्या अध्यायाजवळ बाखने लिहून ठेवले आहे की देवाला आवडणाऱ्या मंडळीच्या संगीताचा खरा पाया हा अध्याय आहे. आणि छपाईत गळलेले शब्द व चुका त्याने ठिकठिकाणी हाताने दुरुस्त केल्या आहेत! मुद्रिते तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल, हे आपण जाणाल.

शेवटी त्याची दृष्टी गेली. १७५० मध्ये एका इंग्रज नेत्रवैद्याने दोनदा शस्त्रक्रिया केली, तिचा उपयोग झाला नाही, आणि २८ जुलै १७५० रोजी पासष्टाव्या वर्षी बाख निवर्तला. वीस अपत्यांपैकी दहा मोठी झाली. आना माग्दालेनाचे अखेरचे दिवस धर्मदायावर गेले. ती १७६० मध्ये वारली.

आणि ज्याच्यासाठी ती पहिली वही लिहिली, तो फ्रीडेमान? तो उत्तम वादक झाला, हाल्ले येथे बरीच वर्षे ऑर्गनवादक होता. पण १७६४ मध्ये ती नोकरी सोडल्यावर पुन्हा कोठे स्थिरावला नाही. वाट्यास आलेली वडिलांची हस्तलिखिते गरजेपोटी विकली गेली आणि त्यांतील पुष्कळ आज सापडत नाहीत. १७८४ मध्ये बर्लिनला दारिद्र्यात त्याचा अंत झाला. त्याची बालपणची वही मात्र हातोहात फिरत टिकली. १९३२ पासून ती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. बोटांच्या धड्याचे ते पान तिच्यात शाबूत आहे: माथ्यावर ती तीन अक्षरे, आणि खाली, उजव्या हाताने वर चढताना तिसरे बोट चौथ्यावरून आळीपाळीने कसे न्यावे हे दाखविणारे बापाने घातलेले आकडे.