मुलाच्या कलाने : कै. ताराबाई मोडक



श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णामाईचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा आपले जुने शहर ढोलांनी दणाणून जाते. दोन वर्षांमागे त्याच दिवशी आमच्या गल्लीतला एक पाच वर्षांचा मुलगा कानांवर हात दाबून पलंगाखाली जाऊन बसला. पोर हट्टी आहे, आईने लाडावले आहे, असे म्हणणाऱ्यांत मीही होते. ती बिचारी मुकाट्याने ऐकत राहिली. पुढे डॉक्टरांनी सांगितले, की काही मुलांना आवाज, उजेड, स्पर्श हे सारे आपल्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवते. तेव्हा मला ताराबाई मोडकांची आठवण झाली, आणि स्वतःची लाजही वाटली.

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म १८९२ साली मुंबईचा. त्या पदवीधर झाल्या आणि लग्नानंतर अमरावतीस आल्या. म्हणजे काही वर्षे आपल्या वऱ्हाडच्याच. तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी. पण त्या खचल्या नाहीत. राजकोटला नोकरी करून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कार्यात सामील झाल्या.

तेथे माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी आत्मसात केली. ज्या मुलांना शिकता यायचेच नाही असे लोक म्हणत, अशा मुलांबरोबर माँटेसरीबाईंनी रोममध्ये आरंभी काम केले होते. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवायची, रंगांच्या पट्ट्या जुळवायच्या, अगदी स्तब्ध बसून हळूच उच्चारलेले आपले नाव ऐकायचे. एका वेळी एकाच इंद्रियाला काम, आणि घाई नाही.

ही साधने महाग होती. १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढल्यावर ताराबाईंनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. वस्तीतली मुले येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम चालले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. आजच्या अंगणवाडीचे मूळ त्यांच्याच अंगणात आहे.

मुलाने जागेशी जुळवून घ्यायचे नाही, जागेने मुलाशी जुळवून घ्यायचे, हे मी त्यांच्या चरित्रातून शिकले. मंडळाच्या मागच्या खोलीत आम्ही एक कोपरा तयार केला. खिडकीला जाड पडदा, खाली गोधडी, परातीत वाळू, टोपलीत चिंचोके आणि मऊ कापसाची उशी. खर्च जवळजवळ नाहीच. नियम एकच: तेथे मोठ्याने बोलायचे नाही आणि मुलाला ओढून बाहेर काढायचे नाही.

गेल्या श्रावणात कावडी आल्या, तेव्हा तो मुलगा त्या कोपऱ्यात चिंचोके मोजत बसला होता. ढोल दूर गेल्यावर आपणहून उठून प्रसादाला आला. त्याच्या आईची क्षमा मी त्याच दिवशी मागितली.

आपल्याही गल्लीत असे एखादे लेकरू असेल. त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याच्या आईला विचारा, आणि दोघांना मंडळात घेऊन या.